वाचकांचे प्रश्न : तांत्रिक प्रकल्पांचे स्वतःचे संकेतस्थळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती आहेत. आपण केलेले तांत्रिक प्रकल्प स्वतःच्या संकेतस्थळावर कसे मांडावेत आणि ते संकेतस्थळ पुढे वर्षानुवर्षे कसे सांभाळावे, असे वाचक विचारतात. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात होण्यासारखे होते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मात्र जागा देणे आवश्यक वाटले.

प्रश्न : मी सांगली येथे इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेसाठी मी ईएसपी-३२ (वायफायची सोय असलेली छोटी नियंत्रक चिप) वापरून मातीतील ओलावा मोजणारे आणि त्यानुसार ठिबकचा पंप चालू-बंद करणारे यंत्र तयार केले. (वायफाय चालू केले की ओलाव्याचे आकडे येणेच बंद होई. सेन्सर २५ क्रमांकाच्या पिनेवरून ३४ वर हलवला तेव्हा कुठे ते सुरळीत झाले.) सगळा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या ऑनलाइन जागेवर, आहे. मग वेगळे संकेतस्थळ हवेच कशाला? आणि करायचे झाले तर त्यावर लिहावे काय?

उत्तर : कोड गिटहबवर असणे चांगलेच; परंतु कोडवरून तुम्ही काय लिहिले एवढेच कळते. ते तशाच रीतीने का लिहिले, आधी कोणता मार्ग धरला होता आणि तो का सोडावा लागला, हे त्यातून कळत नाही. रिपॉझिटरीतील, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातील, रीडमी ही फाइल, ज्याला तुमचे यंत्र स्वतः चालवून पाहायचे आहे त्याच्यासाठी असते. प्रकल्पाचे पान मात्र ज्याला तुमचे काम समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी असते. तो मुलाखत घेणारा अभियंता असेल, प्रवेश-अर्ज तपासणारे प्राध्यापक असतील किंवा नेमक्या त्याच अडचणीत सापडलेला दुसऱ्या गावातला एखादा विद्यार्थी असेल. यांपैकी कोणीही तुमच्या फायली एकेक उघडून वाचत बसणार नाही.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. मूळ ईएसपी-३२ मध्ये विद्युतदाबाचे अंकांत रूपांतर करणारे दोन एडीसी असतात आणि त्यांतील दुसरा एडीसी वायफायचा ड्रायव्हर स्वतःच्या कामासाठी वापरतो. त्यामुळे ४, २५, २६, २७ अशा त्या एडीसीच्या पिनांना जोडलेला सेन्सर वायफाय चालू असताना भरवशाने वाचता येत नाही. ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पिना पहिल्या एडीसीच्या असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. दोष कोडमध्ये शोधत राहावे आणि तो जोडणीत निघावा, हा अनुभव हार्डवेअरवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, आणि तुम्ही तो कसा शोधून काढलात हे वाचूनच समोरच्याला तुमची पारख करता येते. तरीही बहुतेक विद्यार्थी आपल्या पानावरून नेमका हाच भाग वगळतात, कारण अडचणी सांगितल्या तर काम कच्चे दिसेल अशी भीती त्यांना वाटते. प्रत्यक्षात अडचण आणि तिचा उलगडा नसलेले पान जाहिरातीसारखे वाटते.

उदाहरणच घेऊ. "शेतकऱ्यांसाठी अत्यंत उपयुक्त असा आयओटीवर आधारित अत्याधुनिक स्मार्ट सिंचन प्रकल्प" अशा धाटणीचे वाक्य अनेक पानांच्या माथ्यावर असते. त्याऐवजी असे लिहून पाहा : "आमच्या द्राक्षबागेत ठिबकचा पंप केव्हा चालवावा हे आजवर घरातील मोठी माणसे माती हातात घेऊन ठरवत. तोच निर्णय मोजमापावरून घेता येतो का, हे पाहण्यासाठी मी हे यंत्र केले. आधी वापरलेल्या सेन्सरच्या उघड्या धातूच्या पट्ट्या ओल्या मातीत गंजू लागल्या, म्हणून मी धातू उघडा नसलेला कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला. एकाच सेन्सरचे आकडे काळ्या मातीत आणि मुरमाड मातीत वेगवेगळे येतात, म्हणून दोन्ही मातींचे नमुने कोरडे आणि पूर्ण भिजलेले असे मोजून प्रत्येकाच्या मर्यादा स्वतंत्रपणे ठरवल्या." या चार वाक्यांत कोठेही गौरवाचे विशेषण नाही, तरी प्रकल्प कोणी, कोठे, कशासाठी आणि किती काळजीने केला ते कळते.

त्यानंतर जोडणीची आकृती, आकड्यांचा आलेख आणि यंत्र बागेत लावलेले असतानाचा एक फोटो द्यावा. आलेखाच्या अक्षांवर एकके लिहिलेली असावीत. यंत्राला अजून काय जमत नाही हेही एका परिच्छेदात स्पष्ट सांगावे. पावसाळ्यात पेटीत पाणी शिरत असेल, वीज गेल्यावर वेळ चुकत असेल, तर तसे लिहावे. गटाने केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता, मार्गदर्शकांचा कोणता आणि आयती घेतलेली कोडची लायब्ररी कोणती, हे उघडपणे लिहिल्याने तुमचा वाटा कमी होत नाही, उलट तो ठळक होतो.

फोटोबाबत एक सूचना. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात, ती सोय चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांशही साठवले जातात. बागेचे आणि घराचे फोटो चढवण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी. त्याच वेळी चित्राची रुंदी सोळाशे पिक्सेलपर्यंत आणून ते वेबपी स्वरूपात जतन केले की कित्येक एमबींचा फोटो काही शे केबींवर येतो आणि गावाकडच्या नेटवरही पान लवकर उघडते. "पायथन ८५ टक्के, सी प्लस प्लस ७० टक्के" असे कौशल्यांचे रंगीत पट्टे मात्र लावू नयेत. ते टक्के कशाचे, हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रश्न : मी नाशिकला संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. संकेतस्थळासाठी रिअ‍ॅक्ट शिकावे, वर्डप्रेस घ्यावे की आणखी काही? खर्च करण्याची तयारी नाही.

उत्तर : दहा-पंधरा पानांच्या संकेतस्थळाला साधी एचटीएमएल आणि सीएसएसची पाने पुरतात. रिअ‍ॅक्ट शिकायचे असेल तर ते एखाद्या प्रकल्पासाठी शिकावे. केवळ मजकूर दाखवण्यासाठी त्याची गरज नाही. पाने वाढू लागली की मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा वापरून, लिहिलेल्या मजकुरापासून तयार पाने घडवणारे साधन घ्यावे. २००८ मधले जेकिल, २०१३ मधले ह्यूगो किंवा त्यांच्यानंतर आलेले इलेव्हन्टी, यांपैकी कोणतेही चालेल. मजकूर साध्या मार्कडाउन फायलींत असला म्हणजे उद्या साधन बदलले तरी लिखाण हातचे जात नाही, आणि निवड करताना खरे महत्त्व याच गोष्टीला द्यावे.

जागेसाठी गिटहबची गिटहब पेजेस ही सेवा विनामूल्य आहे. तेथे प्रसिद्ध केलेल्या संकेतस्थळाचा आकार १ जीबीपेक्षा जास्त नसावा आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीच्या आत राहावी, अशी मर्यादा आहे. विद्यार्थ्याच्या संकेतस्थळाला ती सहसा आड येत नाही. मोफत खात्यावर मात्र त्यासाठीची रिपॉझिटरी सर्वांना खुली ठेवावी लागते, हे ध्यानात असू द्यावे. टेम्पलेट निवडण्यात आठवडे घालवू नयेत. आधी तीन प्रकल्पांचा मजकूर लिहून पूर्ण करावा आणि मगच तो कोणत्या मांडणीत बसवायचा ते ठरवावे.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. महाविद्यालयात असताना केलेले संकेतस्थळ आता जुनाट वाटते. एका मोफत सेवेवर ठेवलेली प्रकल्पांची प्रात्यक्षिके ती सेवा बंद झाल्यामुळे उघडत नाहीत, आणि जुने प्रकल्प पाहून संकोच वाटतो. सगळे काढून टाकून नव्याने सुरुवात करावी, असे मनात आहे. आपले मत काय?

उत्तर : बाह्य रूप खुशाल बदला, मजकूरही सुधारा, परंतु पानांचे पत्ते मोडू नका, आणि जुने काम सरसकट पुसूही नका. तुमच्या जुन्या पानाचा दुवा कोणाच्या टिपणवहीत असेल, एखाद्या प्रश्नाच्या उत्तराखाली कोणी तो दिला असेल, तुमच्याच अर्जांसोबत तो किती ठिकाणी गेला असेल, याची मोजदाद तुमच्याकडे नाही. पत्ता बदलताच ते सगळे दुवे एका क्षणात निरुपयोगी होतात.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये याच विषयावर एक टिपण लिहिले होते, आणि संकेतस्थळ करणाऱ्या प्रत्येकाने ते आजही वाचण्यासारखे आहे. त्यांचे म्हणणे असे की पत्ते आपोआप बदलत नाहीत, ते माणसे बदलतात. म्हणून पत्त्यामध्ये पुढे बदलेल अशी कोणतीही गोष्ट घालू नये. लेखकाचे नाव, विषयाचे वर्गीकरण, "ताजे" किंवा "कच्चा मसुदा" अशी अवस्था, फाइलचे शेपूट (".html" यासारखे) आणि ती तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची खूण, या सगळ्या गोष्टी ते वगळायला सांगतात. पान निर्माण झाल्याची तारीख मात्र बदलत नसल्यामुळे चालते, असे त्यांचे मत आहे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की "प्रकल्प/२०१७/ग्रंथालय-नोंदणी" अशा धर्तीचा पत्ता टिकेल, तर ज्यात "पीएचपी", "नवीन" किंवा "आवृत्ती-२" असे शब्द आहेत तो पत्ता तुम्हीच दोन वर्षांत बदलाल.

यासाठी स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे स्वतःच्या नावावरचे नाव, घेणे हा खर्च मला योग्य वाटतो, आणि बहुधा हाच एक खर्च अनिवार्य म्हणता येईल. संकेतस्थळ कोणाच्याही सर्व्हरवर असो, डोमेन तुमचे असले की सेवा बदलताना पत्ता तोच राहतो. जिओसिटीज या मोफत संकेतस्थळ-सेवेचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. १९९४ साली सुरू झालेल्या आणि १९९९ मध्ये याहूने विकत घेतलेल्या या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पहिली पाने केली होती, आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ही सेवा बंद झाली तेव्हा त्या पानांचे पत्ते कायमचे गेले. जे वाचले ते मुख्यतः इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी आणि काही स्वयंसेवकांनी धावपळ करून प्रती काढल्या म्हणून. त्यानंतरही मोफत सेवा येत-जात राहिल्या आहेत. विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या, प्रकल्प सर्व्हरवर चालवून देणाऱ्या हेरोकूची मोफत योजना २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मोफत सेवा केव्हातरी थांबेल, हे गृहीत धरूनच आपली मांडणी करावी.

प्रात्यक्षिकांचे काय करावे, हा तुमच्या प्रश्नाचा कळीचा भाग आहे. चालू सर्व्हर लागणारे प्रत्येक प्रात्यक्षिक कधी ना कधी बंद पडते. संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपते, डेटाबेस बंद होतो, एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती चालेनाशी होते, आणि मुलाखतीच्या दिवशीच पाहणाऱ्यासमोर कोरे पान उघडते. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर एक-दीड मिनिटाचे ध्वनिचित्रमुद्रण आणि महत्त्वाच्या पडद्यांची चित्रे ठेवावीत, आणि चालू प्रात्यक्षिकाचा दुवा असलाच तर तो त्यांच्याखाली द्यावा. ज्या प्रकल्पाची गणिते ब्राउझरमध्येच होऊ शकतात तो सर्व्हरशिवाय चालेल असा बदलून घेता आला तर फारच उत्तम, कारण साध्या फायलींना कोणत्याही सर्व्हरवर जागा मिळते. तुमची बंद पडलेली प्रात्यक्षिके स्वतःच्या संगणकावर एकदा चालवून त्यांचे चित्रीकरण करा आणि जुन्या दुव्याच्या जागी ते लावा. त्यासोबत "मूळ सेवा बंद झाल्यामुळे चित्रीकरण दिले आहे" अशी एक ओळ पुरेशी आहे.

आता संकोचाबद्दल. विद्यार्थिदशेतला प्रकल्प आज कच्चा वाटतो, कारण मध्यंतरी तुमची समज वाढली आहे, आणि ती वाढ दाखवण्याची याहून सोपी संधी मिळणार नाही. जुन्या पानाच्या वरच्या बाजूस वर्ष लिहा, "हा प्रकल्प आता थांबवला आहे" असे नमूद करा आणि आज हेच काम करायचे झाले तर काय वेगळे कराल, ते चार ओळींत लिहा. समजा त्या वेळी तुम्ही पासवर्ड जसेच्या तसे डेटाबेसमध्ये साठवले होते. आज ते तसे का साठवू नयेत आणि त्याऐवजी काय करावे, हे तुम्ही त्याच पानावर लिहिले, तर तो परिच्छेद नव्या प्रकल्पापेक्षाही अधिक लक्षपूर्वक वाचला जाईल. मुखपृष्ठावर मात्र निवडक ताजे काम ठेवावे आणि बाकीचे "पूर्वीचे काम" या पानाखाली वर्षांनुसार लावावे.

एखादा पत्ता बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमस्वरूपी वळण द्यावे. स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यासाठी ३०१ हा संकेत वापरतात. गिटहब पेजेसवर सर्व्हरकडून असे वळण देण्याची सोय नाही, म्हणून तेथे जुन्या पत्त्यावर वाचकाला पुढे नेणारे छोटे पान ठेवावे लागते. जेकिलला त्यासाठी तयार जोडसाधन आहे. मोठा बदल करण्याआधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या पानांच्या संग्रहात, आपल्या पानांची प्रत जतन करून घ्यावी, आणि नंतर वर्षातून एकदा संकेतस्थळावरील सर्व दुवे तपासावेत. नवीन भर घालण्यासाठी महिन्याचा नियम लावून घेण्याची गरज नाही. एखादे काम संपले, त्याचे तपशील अजून मनात ताजे आहेत, अशा वेळी पान लिहिले तर ते चांगले उतरते. सहा महिन्यांनी लिहायला बसलात तर आकडेही आठवत नाहीत आणि कारणेही.

प्रश्न : मी बंगळूरमध्ये एका कंपनीत आहे. माझे सर्वांत चांगले काम कंपनीच्या आतले आहे आणि ते बाहेर दाखवता येत नाही. संकेतस्थळावर काय ठेवू?

उत्तर : प्रथम नोकरीचा करार काढून त्यातील गोपनीयतेची आणि बौद्धिक संपदेची कलमे वाचावीत. वेगळा करार नसेल तर भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाकडे असतो. म्हणून कंपनीचा कोड, पडद्यांची चित्रे, ग्राहकांची नावे आणि आतील आकडे संकेतस्थळावर ठेवू नयेत. नावे झाकली म्हणजे झाले, असेही समजू नये. जाणकाराला आकृतीवरूनही ग्राहक ओळखता येतो. कामाचे सर्वसाधारण वर्णन तरी चालेल का, ते वरिष्ठांना लेखी विचारावे. अशी परवानगी पुष्कळदा मिळते.

त्याखेरीज एक मार्ग आहे आणि तो मला अधिक पसंत आहे. कामात भेटलेला तांत्रिक प्रश्न त्याच्या मूळ स्वरूपात घ्यावा आणि सार्वजनिक माहितीवर, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या संगणकावर, तो लहान प्रमाणात नव्याने सोडवावा. एका प्रणालीकडून दुसरीकडे जाण्यासाठी रांगेत ठेवलेले संदेश दोनदा आले तरी नोंद एकदाच व्हावी, हा प्रश्न कोणत्याही एका कंपनीचा नाही. त्यावर दोनशे ओळींचा कोड आणि एक नेटके पान लिहिता येते. स्वतःच्या वेळातील कामावरही काही करार हक्क सांगतात, म्हणून ते कलम आधी पाहून घ्यावे.

याच संदर्भात आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. रिपॉझिटरी सर्वांना खुली करण्यापूर्वी तिच्यात पासवर्ड किंवा एपीआयच्या किल्ल्या (बाहेरच्या सेवा वापरण्यासाठीचे गुप्त संकेत) राहिल्या नाहीत ना, हे पाहावे. नंतरच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, किल्ली पुसली तरी जुन्या इतिहासात ती तशीच राहते. अशी किल्ली एकदा उघड झाली असेल तर आधी ती संबंधित सेवेवर जाऊन रद्द करावी. इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतरचे.

प्रश्न : मी गोव्यात फोंड्याजवळ पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. माझी मुले प्रकल्पांबद्दल मराठीतून फार चांगले बोलतात, पण संकेतस्थळ इंग्रजीतच असावे असा त्यांचा समज आहे. मराठी पाने करावीत का, आणि त्यासाठी तांत्रिकदृष्ट्या काय सांभाळावे?

उत्तर : सर, अवश्य करावीत. नोकरीसाठी इंग्रजी पान लागेल हे खरे. पण जो विद्यार्थी आपला प्रकल्प मराठीत चांगला समजावून सांगतो त्याने तो आधी मराठीत लिहावा आणि मग इंग्रजीत मांडावा. दोन्ही पाने शब्दशः सारखी असण्याची गरज नाही. इंग्रजी पान भरती करणाऱ्यासाठी असेल, तर मराठी पान पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यासाठी, शेतकऱ्यासाठी किंवा कारागिरासाठी असू शकेल आणि त्यात जोडणीचे तपशील अधिक असतील. मूळ ईएसपी-३२ च्या पिनांचा तो घोळ मराठीत नीट समजावणारे एक पान झाले, तरी कितीतरी मुलांचा वेळ वाचेल.

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचे, म्हणजे "एमआर" असे, नमूद करावे. त्यामुळे दृष्टिहीनांसाठीची वाचक सॉफ्टवेअरे योग्य उच्चार निवडू शकतात, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श यांची मराठी वळणे दिसतात. फॉन्टसाठी मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने केलेला "मुक्त" नावाचा फॉन्ट किंवा "नोटो सॅन्स देवनागरी" हे दोन्ही विनामूल्य आणि वाचनीय आहेत.

इंग्रजीसाठी केलेल्या टेम्पलेटमध्ये मराठी मजकूर ओतला की दोन दोष हमखास दिसतात. शीर्षकांतील अक्षरांमध्ये अंतर वाढवलेले असेल तर शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांनी तुटते, म्हणून ते अंतर मराठी पानांवर शून्य करावे. ओळींमधील अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. ते फॉन्टच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतील तफावत वेबच्या सुगम्यता-निकषांनुसार किमान साडेचारास एक असावी लागते. फिकट करड्या अक्षरांत जोडाक्षरे वाचता येत नाहीत, तेव्हा हा निकष आपल्या लिपीसाठी काटेकोरपणे पाळावा.

देवनागरीतील .भारत हे डोमेन २०१४ पासून घेता येते. मुलांना त्याची हौस असेल तर घेऊ द्यावे, पण अर्जावर देण्यासाठी रोमन अक्षरांतील पत्ता मुख्य ठेवावा आणि .भारतचा पत्ता त्याकडे वळवावा. कारण काही अर्जप्रणाली देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत, आणि काही ठिकाणी तो चिकटवला की त्याच्या जागी रोमन अक्षरांची आणि अंकांची न वाचता येणारी माळ उमटते. एखाद्या विद्यार्थ्याचे मराठी पान तयार झाले तर त्याचा पत्ता या सदराकडे जरूर पाठवावा. पानात सुधारणा सुचवायची असेल तर आम्ही ती पत्राने कळवू.